जपानी चित्रपट आणि परमुलुखातील प्रेक्षक : एका ग्रंथाची प्रस्तावना

1951 च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात 'राशोमोन' या जपानी चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाल्याची वार्ता टोकियोस पोहोचली, तेव्हा त्याचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा तामा नदीवर मासे धरण्यास गेले होते. आपला चित्रपट व्हेनिसला धाडला गेला आहे याची त्यांना खबर नव्हती; दोस्तोयेव्स्कीच्या कादंबरीवरून त्यांनी केलेल्या 'द इडियट'ची कंपनीने केलेली काटछाट, त्यावर समीक्षकांनी उठवलेली झोड आणि त्यामुळे हातचे निसटलेले पुढचे काम, या विवंचनेत ते होते. घरी परतताच पत्नीने दारातच त्यांचे अभिनंदन केले, ते कशाबद्दल हे त्यांना प्रथम कळलेच नाही. टोकियोत एका इटालियन चित्रसंस्थेचे काम पाहणाऱ्या आणि जपानी भाषेच्या व्यासंगी अभ्यासक असलेल्या जुलियाना स्त्रामिजोली यांनी हा चित्रपट पाहिला, त्याची योग्यता ओळखली आणि तो पाठवावा असा आग्रह धरला. 'राशोमोन'च्या निर्मात्या दाइए कंपनीचे अध्यक्ष मासाइची नागाता यांना मात्र तो स्वतःलाच नीटसा उमगला नव्हता.

परदेशातून आलेल्या एका स्त्रीच्या रसिकतेने एका संपूर्ण राष्ट्राच्या चित्रपटकलेला जगाचे द्वार उघडून द्यावे, आणि त्या कलेच्या स्वकीय धन्यांना त्या वेळी तिचे मोल उमगलेले नसावे, या घटनेत प्रस्तुत ग्रंथाच्या विषयाचे बीज आहे असे मला वाटते. चित्रपट आपल्या देशात जन्मतो, परंतु परक्या देशात तो कोणाच्या हातून पोहोचतो, कोणत्या निकषाने निवडला जातो, आणि एकदा पोहोचल्यावर पुनःपुन्हा येत राहतो की नाही, यांवर त्याचे तेथील आयुष्य अवलंबून असते. आज फ्रँकफुर्टपासून न्यूयॉर्कपर्यंत अनेक शहरांत वर्षातून एकदा केवळ जपानी चित्रपटांसाठी उत्सव भरतो. गेल्या शतकातील दिग्विजयी पारितोषिकांच्या मानाने हे उत्सव लहान दिसतात खरे. तरी जपानी चित्रपटाची खरी ओळख परदेशी प्रेक्षकाला करून देण्याचे श्रेय मी या लहान उत्सवांनाच अधिक देतो, आणि तसे का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जपानात हलती चित्रे 1896-97 च्या सुमारास आली, म्हणजे मुंबईत ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले त्याच काळात. आरंभीचा जपानी चित्रपट काबुकी रंगभूमीच्या मांडीवर वाढला. 1899 मध्ये चित्रित झालेल्या 'मोमिजिगारी'त काबुकीचे श्रेष्ठ नट नववे इचिकावा दान्जुरो आहेत, आणि जपानने आज त्या चित्रफितीला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आहे. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, आणि ही वहिवाट 1920 नंतरच हळूहळू मोडली. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली हे जाणणाऱ्या आणि बालगंधर्वांची परंपरा ज्याच्या घरात सांगितली जाते अशा मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. पडद्याशेजारी उभे राहून मूक चित्राला वाचा देणारा निवेदक, ज्याला जपानी लोक 'बेन्शी' म्हणतात, तोही आपल्याला अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचा चित्रकथी चित्रांची पोथी उलगडीत रामायणातील प्रसंग गातो, तेव्हा तो याच घराण्यातील वाटतो. बेन्शींची लोकप्रियता एवढी होती की जाहिरातीत नटांपेक्षा त्यांची नावे ठळक असत, आणि जपानात मूकपट बोलपटाच्या आगमनानंतरही कित्येक वर्षे टिकून राहिला याचे एक कारण हेच. कुरोसावा यांचे थोरले बंधू हेइगो हे बेन्शी होते. बोलपटाने तो व्यवसाय संपुष्टात आणला, आणि 1933 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

1923 च्या भूकंपात टोकियोतील चित्रशाळा उद्ध्वस्त झाल्या, आणि ऐतिहासिक चित्रपटांचे केंद्र क्योतोला स्थिरावले, तर समकालीन जीवनाचे चित्रपट टोकियोत होत राहिले. 'जिदाइगेकी' म्हणजे पूर्वकाळचे आणि 'गेन्दाइगेकी' म्हणजे आजचे, हे जपानी चित्रपटाचे मूलभूत द्वैत तेव्हापासून दृढ झाले. यांपैकी दुसऱ्याच्या पोटात सामान्य, निम्नमध्यमवर्गीय माणसाच्या संसाराची चित्रे काढणारी एक स्वतंत्र शाखा वाढली. यासुजिरो ओझू आणि मिकिओ नारुसे यांची प्रतिभा तिच्यातच बहरली, आणि परदेशी पारितोषिकांना सर्वांत उशिरा दिसली तीही हीच शाखा.

जपानी चित्रपट परमुलुखी नेण्याचा पहिला ठळक उद्योग मात्र युद्धापूर्वीचा आहे. तेइनोसुके किनुगासा, जे तरुणपणी स्वतः स्त्रीपार्टी नट होते, ते आपला 'जुजिरो' हा 1928 चा मूकपट घेऊन मॉस्कोमार्गे बर्लिनला गेले आणि तेथे त्यांनी तो लोकांना दाखवला. एखाद्या शाहिराने आपले कवन काखोटीस मारून दरबारोदरबार हिंडावे तसे ते धाडस होते. पुढे 1937 मध्ये आपल्या प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम'चा व्हेनिसला गौरव झाला, आणि त्यानंतरच्याच वर्षी तोमोताका तासाका यांच्या 'पाच टेहळे' या चीनमधील युद्धावरील चित्रपटाने तेथे पारितोषिक मिळवले. तासाका पुढे हिरोशिमाच्या अणुबाँबने बाधित होऊन वर्षानुवर्षे आजारी राहिले, आणि बरे होऊन 1951 मध्ये त्यांनी 'युकिवारिसो' हा चित्रपट केला. जानेवारी 1952 मध्ये मुंबईस भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. आपल्याकडे त्या महोत्सवाची आठवण निघते ती बहुधा 'बायसिकल थीव्ज'साठी, आणि तसे होणे योग्यही आहे. परंतु हिरोशिमाच्या आगीतून उठलेल्या एका दिग्दर्शकाचे काम मुंबईच्या पडद्यावर त्याच आठवड्यात चमकून गेले, ही नोंद आपल्या चित्रपटेतिहासात आजवर कोपऱ्यात पडली आहे.

'राशोमोन'नंतरची चार-पाच वर्षे विजयाची होती. केन्जी मिझोगुची यांना 'ओहारूचे जीवन', 'उगेत्सु' आणि 'सान्शो दायू' या चित्रपटांसाठी 1952, 1953 व 1954 अशी लागोपाठ तीन वर्षे व्हेनिसने गौरविले. 1954 मध्येच कुरोसावा यांच्या 'सात सामुराई'ला तेथे रौप्यसिंह आणि किनुगासा यांच्या 'जिगोकुमोन'ला कान येथे सर्वोच्च मान मिळाला. हे चित्रपट थोर आहेत यात संशय नाही. परंतु त्यांच्या यशाचा एक परिणाम असा झाला की जपानी चित्रपट म्हणजे किमोनो, तलवार, धुके आणि प्राचीन प्रासाद, अशी एक तसबीर पाश्चात्त्य मनात टांगली गेली. नागातांसारखे चतुर निर्माते ती तसबीर ओळखून तिच्या मापाचे चित्रपट बाहेर पाठवू लागले. आणि ज्यांच्या पडद्यावर तलवार नाही, एक म्हातारा बाप, एक चहाचा पेला आणि बाहेरून जाणारी आगगाडी एवढेच आहे, असे चित्रपट मागे राहिले. ओझूंचे चित्रपट अतिशय जपानी असल्याने परकीयांना समजणार नाहीत, असे त्यांच्या स्वदेशीयांनीच ठरवून टाकले होते. 1953 मध्ये तयार झालेला 'टोकियो स्टोरी' 1958 मध्ये लंडनच्या महोत्सवात पोहोचला आणि तेथे त्याला सदरलँड चषक मिळाला. न्यूयॉर्कमध्ये तो रीतसर प्रदर्शित होण्यास 1972 उजाडले, तेव्हा ओझूंना जाऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पुढे 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचे मत घेतले तेव्हा याच चित्रपटाला पहिले स्थान मिळाले. म्हातारे आईवडील मुलांच्या घरी दोन दिवस राहताच त्यांना ओझे वाटू लागावेत, यात न समजण्यासारखे काय होते? पारितोषिकांच्या पद्धतीचे सारे दौर्बल्य या एका प्रकरणातून दिसून येते, आणि प्रस्तुत ग्रंथाने त्यावर बरीच पाने खर्च केली आहेत ती मला उचित वाटतात.

1950 च्या दशकात जपानात चित्रपट हा जीवनाचा नित्यक्रम होता. 1958 मध्ये तेथे 112 कोटींहून अधिक तिकिटे खपली. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वानऊ कोटींच्या आत होती, म्हणजे सरासरीने प्रत्येक मनुष्य, तान्ह्या मुलासकट, वर्षातून बारा वेळा चित्रगृहात गेला. त्यानंतर दूरचित्रवाणी घरोघरी पसरली आणि ओहोटी लागली. नागिसा ओशिमा, शोहेइ इमामुरा, मासाहिरो शिनोदा यांची बंडखोर पिढी याच पडत्या काळात उभी राहिली; 1960 मध्ये ओशिमांचा 'जपानातील रात्र आणि धुके' हा राजकीय चित्रपट कंपनीने अवघ्या काही दिवसांत पडद्यावरून उतरवला, तेव्हा त्यांनी कंपनी सोडून स्वतःची वाट धरली. 1961 मध्ये स्थापन झालेल्या आर्ट थिएटर गिल्डने अशा स्वतंत्र वृत्तीच्या निर्मात्यांना आसरा दिला. 1971 मध्ये 'राशोमोन' निर्माण करणाऱ्या दाइए कंपनीचेच दिवाळे निघाले, आणि 1996 मध्ये तिकिटांची संख्या 12 कोटींच्या खाली गेली. मोठ्या कंपन्यांचा अंमल ओसरला तसे नवे चित्रपट तुटपुंज्या भांडवलावर, तरुणांच्या हातून, कोणाही बड्या वितरकाच्या पाठबळावाचून होऊ लागले. आणि असे चित्रपट परदेशी नेणार कोण, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

त्याआधीच्या पिढीत हे काम एका स्त्रीने जवळजवळ एकहाती केले होते, आणि तिचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. काशिको कावाकिता आणि त्यांचे पती नागामासा यांनी तोवा या संस्थेद्वारे युरोपचे उत्तम चित्रपट जपानात आणले. पुढे काशिकोबाईंनी उलट दिशेची वाहतूक हाती घेतली, पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपटसंग्रहालयाशी जपानी व फ्रेंच चित्रपटांची देवघेव घडवून आणली, जपानी चित्रपटांच्या प्रती जतन व्हाव्यात म्हणून अथक खटपट केली, आणि युरोपातील महोत्सवांतून जपानची अनौपचारिक राजदूत म्हणून त्या आयुष्यभर वावरल्या. सत्यजित राय यांची 'पथेर पांचाली' जपानी प्रेक्षकांपर्यंत नेण्यातही त्यांचा हात होता. एका व्यक्तीच्या रसिकतेवर चालणाऱ्या कार्याला मात्र एक मर्यादा असते. ती व्यक्ती थकली, निवर्तली, की दप्तर मिटते. वार्षिक महोत्सवाचे महत्त्व मला येथे दिसते. तो व्यक्तीपेक्षा दीर्घायुषी असू शकतो.

2000 साली फ्रँकफुर्ट येथे गोएथे विद्यापीठातील चित्रपटशास्त्राचे दोन विद्यार्थी, मारिओन क्लॉमफास आणि होल्गर त्सिग्लर, यांनी 'निप्पॉन कनेक्शन' नावाचा महोत्सव भरवला. जर्मनीतील जपानी वसाहत मुख्यतः ड्युसेलडॉर्फ येथे आहे, तेव्हा स्थलान्तरितांच्या स्मरणरंजनासाठी हा उद्योग नव्हता. नवे जपानी चित्रपट आपल्याला पाहायला मिळत नाहीत, ते आपणच मागवावेत, एवढी सरळ इच्छा त्यामागे होती. बोकेनहाइमच्या विद्यार्थिगृहात त्याचा आरंभ झाला. पुढे तो मुसॉनटुर्म या कलागृहात आणि नाक्सोस सभागृहात गेला. यांपैकी पहिली वास्तू पूर्वी साबणाच्या कारखान्याची होती आणि दुसरी घर्षणयंत्रांच्या कारखान्याची. शंभराच्या आसपास चित्रपट, लघुपट व माहितीपट, सहा दिवस, आणि बहुतांश काम स्वेच्छेने, विनावेतन करणारी मंडळी, हे त्याचे आजचे स्वरूप आहे. जपानबाहेरील जपानी चित्रपटांचा सर्वांत मोठा महोत्सव म्हणून तो आज ओळखला जातो. त्याचे गुलाबी निशाण उन्हाळ्याच्या आरंभी शहरात दिसू लागते. चित्रगृहाच्या बाहेर भात, शेवया आणि चहा मिळतो, सुलेखनाचे व पाककृतींचे वर्ग चालतात, लहान मुलांचे खेळ असतात, आणि माइन नदीकाठच्या चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांची मालिका स्वतंत्रपणे लावली जाते.

ग्रंथकर्त्रीने या महोत्सवाचे वर्णन करताना पडद्यामागील व्यवहाराला जी जागा दिली आहे, तिच्यामुळे हा ग्रंथ नुसत्या गुणगानापासून वाचला आहे. चित्रपटाचे हक्क कोणाकडे आहेत हे शोधून काढणे, परवाना मिळवणे, प्रत वेळेवर येईल अशी तजवीज करणे, दिग्दर्शक येणार असेल तर दुभाषी नेमणे, आणि सर्वांत किचकट म्हणजे उपशीर्षके. जपानी संवादात वक्त्याचे वय, पद, लिंग आणि समोरच्याशी असलेले नाते शब्दांच्या निवडीतून आणि क्रियापदाच्या रूपातून बरेचसे उघड होते. सून सासऱ्याशी बोलताना आदराची जी पायरी वापरते ती इंग्रजी वा जर्मन ओळीत उतरतच नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर जगणाऱ्या मराठी माणसाला हे नुकसान केवढे आहे हे सांगावे लागणार नाही. महोत्सवात दिग्दर्शक समोर बसलेला असतो, प्रेक्षक प्रश्न विचारतो, आणि ओळीत हरवलेला अर्थ पुष्कळदा त्या संभाषणात सापडतो. बेन्शीचे आधुनिक शिष्य परदेशी महोत्सवांतून मूकपटांना वाचा देतात तेव्हाही हेच घडते: भाषा न समजणारा प्रेक्षक आवाजाच्या चढउतारावरून हसतो आणि गप्प होतो.

फ्रँकफुर्टसारखेच उत्सव इतरत्र उभे राहिले. ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये लहान प्रमाणावर सुरू झालेला जपान फाउंडेशनचा महोत्सव पुढे अनेक शहरांत फिरू लागला. रॉटरडॅममध्ये 2006 पासून 'कॅमेरा जपान' आणि न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत 2007 पासून 'जपान कट्स' भरतो. भारतातही 2017 पासून जपान फाउंडेशनने असा महोत्सव आणला. 1972 मध्ये स्थापन झालेली ही जपानी शासकीय संस्था प्रती, उपशीर्षके आणि द्रव्य पुरवते, हे तिचे मोठे उपकार आहेत. तरीही शासनाच्या आश्रयाने भरणारा उत्सव आणि रसिकांनी स्वतः उभारलेला उत्सव यांत मला फरक जाणवतो: पहिला स्वभावतः सौम्य, सर्वांना रुचेल अशी निवड करतो, दुसऱ्यात 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या अणुभट्टीच्या प्रश्नावरील माहितीपटांना, समाजाच्या परिघावरील माणसांच्या कथांना, पहिलाच चित्रपट करणाऱ्या अनामिक तरुणालाही खुर्ची मिळते. दोन्ही हवेत, आणि दुसऱ्याची संख्या वाढावी.

या विषयाची आज निकड का, असे कोणी विचारील. घरबसल्या पडद्यावर सर्व काही मिळते, जपानी सचेतपटांनी तर आपल्या मुलामुलींना वेड लावले आहे, आणि हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला 2002 मध्ये बर्लिनचे सुवर्णअस्वल मिळाल्यापासून त्या प्रकाराला कलेच्या दरबारातही मान आहे. हिरोकाझू कोरे-एदा यांचा 'शॉपलिफ्टर्स' 2018 मध्ये कान येथे सर्वश्रेष्ठ ठरला, र्युसुके हामागुची यांच्या 'ड्राइव्ह माय कार'ला 2022 मध्ये ऑस्कर मिळाले. परंतु हामागुची या शिखरापूर्वी काय करीत होते? को साकाइ यांच्यासह ते 2011 च्या आपत्तीतून वाचलेल्या माणसांच्या मुलाखतींचे माहितीपट करीत होते, आणि 2015 मध्ये पाच तासांहून मोठा 'हॅपी अवर' त्यांनी बहुतांशी नवशिक्या स्त्रियांना घेऊन केला. असे काम एखाद्या मंचाच्या शिफारशीतून कोणाच्या पुढ्यात येत नाही. ते कोणीतरी निवडावे लागते, अंधारात शेजारी अनोळखी माणसे घेऊन पाहावे लागते. मिझोगुचींची विख्यात नायिका किनुयो तानाका यांनी 1953 पासून स्वतः सहा चित्रपट दिग्दर्शित केले, ही गोष्ट परदेशी रसिकांना मोठ्या प्रमाणावर कळली ती 2021 नंतर, तेही जीर्णोद्धारित प्रती महोत्सवांतून फिरल्या म्हणून. जुन्या चित्रपटांतील जे वाचले आहे ते थोडे आहे. वयाच्या 28 व्या वर्षी युद्धात दगावलेल्या सादाओ यामानाका यांच्या वीसाहून अधिक चित्रपटांपैकी तीनच आज पूर्ण पाहता येतात. जे उरले आहे ते तरी दाखवले गेले पाहिजे.

मराठीत जपानविषयी जिव्हाळा नवा नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये आपल्याला त्या देशाच्या दारापर्यंत नेले, शिरीष पै यांनी हायकू आपल्या भाषेत रुजवला, पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा काही दशकांची आहे, आणि त्याच पुण्यात चित्रपट संस्थेच्या व राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अंधाऱ्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी कुरोसावा आणि ओझू पाहून बाहेर पडले. मुंबईतील चित्रपटरसिकांनी आशियाई चित्रपटांसाठी वेगळा महोत्सव चालवून दाखवला. उणीव होती ती या सर्वांचा एकत्र विचार करणाऱ्या ग्रंथाची. ग्रंथकर्त्रीने जपानी चित्रपटाचा सर्वांगीण इतिहास लिहिण्याचा आव आणलेला नाही. परक्या मातीत एक कला दरवर्षी नव्याने कशी लावली जाते, तिला पाणी कोण घालते, एवढाच प्रश्न तिने धरला आहे, आणि तो शेवटपर्यंत सोडलेला नाही. काही ठिकाणी तिची मते मला मान्य नाहीत. मिझोगुचींच्या युद्धपूर्व चित्रपटांना, विशेषतः 1936 च्या 'ओसाका एलिजी' आणि 'सिस्टर्स ऑफ द गिऑन' यांना, तिने याहून अधिक जागा द्यावयास हवी होती. परंतु मतभेदाला जागा ठेवणारा ग्रंथ मला अधिक आवडतो.

वाचकांना एक विनंती करून मी थांबतो. पहिले प्रकरण उघडण्याआधी कोठूनही 'टोकियो स्टोरी' मिळवा, शक्य तर घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, आणि तो एका बैठकीत पाहा. आणि तुमच्या गावी चित्रपट मंडळ असेल तर त्याच्या चिटणीसांना पत्र लिहून वर्षातून निदान तीन दिवस जपानी चित्रपटांसाठी राखून ठेवावेत असे सुचवा.